सराफ्यातली सुई

सोनाराने कान टोचले की दुखत नाहीत, ही म्हण आपण इतकी वापरली आहे की ती पार गुळगुळीत झाली आहे. शाळेत तिचा अर्थ शिकवला तो असा, की कटू गोष्ट अधिकारी माणसाने सांगितली म्हणजे ती लागत नाही. वाक्यात उपयोगही करून दाखवायचो. पण ज्याचे कान खरोखरच सोनाराने टोचले आहेत अशा कुणालाही विचारून बघा. दुखतात हो! चांगलेच दुखतात.

आमच्याकडे गोव्यात सोनाराला शेट म्हणतात. माझ्या लहानपणी वाड्यावर कुणाच्या पोराचे कान टोचायचे असले की शेटना बोलावणं जायचं. ते यायचे, ओसरीवर पाटावर बसायचे, डबीतून सोन्याची बारीक तार काढायचे. पोर आईच्या नाहीतर मावशीच्या मांडीवर. खोबरेल आणि हळद वाटीत तयार. एक किंकाळी, मग दुसरी, की झालं काम. शेट चहा घेऊन निघून जायचे आणि पोर आईच्या गळ्याला मिठी मारून हुंदके देत राहायचं. पुढे कितीतरी दिवस रस्त्यात शेट दिसले की ते पोर आईच्या पदराआड लपायचं.

मला वाटतं, म्हणीतली खरी मेख इथेच आहे. सुई एकाच्या हातात आणि मांडी दुसऱ्याची. रागावायला शेट आणि बिलगायला आई. ही वाटणी आपल्या बायकांनी फार हुशारीने केलेली होती.

पण समजा, सुईही आईच्याच हातात असली तर? आणि तीही जन्मात एकदा नव्हे, दर तिसऱ्या दिवशी?

हे मी पाहिलं ते ग्वाल्हेरला, आणि योगायोग असा की सोनारांच्याच बाजारात.

माझी एक भाची ग्वाल्हेरला दिली आहे. लश्करात, सराफा बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं सासर. सराफा बाजार म्हणजे महाराज बाड्याहून जवळच. खाली सोन्याचांदीची दुकानं, वर राहती घरं, आणि काही जुन्या घरांना कोरीव दगडी सज्जे. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली आपली छावणी कायमची टाकली. छावणी म्हणजे लश्कर, म्हणून गावाचं नावच लश्कर पडलं. त्या छावणीबरोबर जी मराठी घराणी तिकडे गेली त्यातलंच हे एक. घरात सराफी कधी नव्हती, पणजोबा दरबारात कारकून होते म्हणे. दोनशे वर्षं झाली तरी घरात मराठी बोलतात, मात्र त्या मराठीला हिंदीची झालर असते. "मला चक्कर येऊन राहिली आहे," असं भाचीच्या सासूबाई म्हणतात तेव्हा आम्हा गोयकारांना हसू येतं. आमच्या मराठीतल्या कोकणीला त्या हसतात, म्हणजे फिटंफाट.

तर या भाचीची मुलगी. तिला मी इथे बाय म्हणेन, आपल्याकडे लाडाने म्हणतात तसं. साडेतीन वर्षांची असताना तिला मधुमेह झाला.

आता गोव्यात मधुमेह म्हटलं की कुणी दचकत नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वांत जास्त प्रमाण गोव्याचंच निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढ माणसांत एक. त्यामुळे बायची बातमी आली तेव्हा आमच्या नात्यातल्या अर्ध्या लोकांनी "मग काय, गोड जास्त देत असतील" असा निकाल दिला आणि उरलेल्यांनी कारल्याचा रस सुचवला. हा आजार तो नव्हे, हे सांगता सांगता माझी बहीण थकली. मोठेपणी होतो त्यात इन्सुलिन असतं पण पुरेसं काम करत नाही. बायला झाला तो टाइप वन. यात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. त्यात साखर जास्त खाल्ल्याचा दोष नाही, आईबापाचाही नाही. इन्सुलिन बाहेरून द्यायचं, रोज द्यायचं, जन्मभर द्यायचं. दुसरा उपायच नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजाप्रमाणे वीस वर्षांखालची अशी दोन लाखांहून अधिक मुलं एकट्या भारतात आहेत.

पहिली दोन वर्षं बायला दिवसातून चार-पाच इंजेक्शनं होती. मग पंप आला. छोट्या मोबाइलएवढं यंत्र, कमरेच्या पट्ट्यात अडकवायचं. त्यातून एक बारीक नळी निघते आणि तिचं टोक पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली सहा ते नऊ मिलिमीटर जाऊन बसतं. चोवीस तास थेंब थेंब इन्सुलिन जात राहतं, आणि जेवणाच्या वेळी बटण दाबून जादा.

थेंब थेंब म्हणालो, पण थेंब फार मोठा झाला. सराफा बाजारात बसून मला या मापाची फार गंमत वाटली. जुन्या मापात बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा. म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. गुंजेच्या हिशेबाने तोलणाऱ्या सोनारालाही लाजवील असं या यंत्राचं काम. इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट असतात आणि हा पंप एका युनिटचाही विसावा भाग मोजून देऊ शकतो. सहा वर्षांच्या पोरीला एवढंसंच लागतं. सुईने सिरिंजमधून एवढं बारीक माप कुठल्या आईला जमणार?

दिवसाची चार-पाच इंजेक्शनं गेली म्हणून घरात सगळे खूश झाले होते. पण दर दोन-तीन दिवसांनी ती नळी आणि तिचं टोक बदलावं लागतं. जागाही बदलावी लागते, नाहीतर त्या ठिकाणी चरबीची गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. घरात त्याला 'सेट बदलणं' म्हणतात. आणि बायला, जी चार-पाच इंजेक्शनं मुकाट्याने घेत होती, तिला हे सेट बदलणं मुळीच सोसेना.

२०२४च्या संक्रांतीला मी तिथे होतो. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी आम्हा समुद्राकाठच्या माणसांना झेपत नाही. सकाळी दहापर्यंत धुकं, आणि मी दोन स्वेटर घालून रजईत. दुसऱ्याच दिवशी सकाळी माजघरातून जो आक्रोश ऐकू आला तो मी जन्मात विसरणार नाही. टीव्हीवर कार्टून मोठ्याने लावलेलं. बाय पलंगावर आडवी, बापाने खांदे धरलेले, काकाने पाय. भाची सांगते आहे, "काही होत नाही, काही होत नाही, एवढुसं..." सासूबाई देवघरात जाऊन कानांवर हात ठेवून बसलेल्या. मग 'खट्' असा आवाज, स्प्रिंग सुटल्याचा. झालं. पाच मिनिटांनी बाय हुंदके देत पलंगाखाली, आणि भाची स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी.

"मामा, तू बघितलंस ना," ती मला म्हणाली. "माझ्याकडे येत नाही ती नंतर. संध्याकाळपर्यंत येत नाही. आजीकडे जाते, काकाकडे जाते, माझ्याकडे नाही."

हे शेटसारखं झालं होतं. फक्त शेट चहा घेऊन जातात, ही कुठे जाणार?

आणि प्रश्न केवळ रडण्याचा नव्हता. आदल्या महिन्यात बायच्या रडण्याला कंटाळून घरच्यांनी एक सेट पाचव्या दिवसापर्यंत ओढला. आज राहू दे, पाहुणे आहेत. उद्या करू, सर्दी झाली आहे तिला. जागा लाल झाली, नळीतून इन्सुलिन नीट जाईना. पंपात लांब टिकणारं इन्सुलिन नसतंच, झटपट काम करणारं तेवढंच असतं. त्यामुळे प्रवाह अडला की काही तासांतच शरीर कोरडं पडतं, रक्तात आम्ल साठू लागतं. साखर मोजायच्या यंत्राने आकडा दाखवणंच सोडलं, नुसतं 'हाय' दाखवलं. पोर ओकाऱ्या काढायला लागली आणि रात्री दोन वाजता इस्पितळ गाठावं लागलं. वाचली. पण त्यानंतर सेट बदलायचा दिवस आला की घरातली मोठी माणसं बायपेक्षा जास्त घाबरू लागली, आणि मोठ्यांची भीती पोरांना वासावरून कळते.

सोनीजी या गोष्टीत येतात ते असे. भाचीच्या जावेची मुलगी चार वर्षांची, तिचे कान टोचायचे राहिले होते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सगळी वरात खाली सराफ्यात गेली. बायही होती. सोनीजींचं दुकान म्हणजे दोन माणसं गादीवर बसली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहावं एवढं. वय सत्तरीच्या पुढे, कानाला मशीन, डोळ्याला भिंग. आता पुष्कळ ठिकाणी बंदुकीने कान टोचतात, सोनीजी अजून तारेने टोचतात.

छोटीने मोठ्या धीराने विचारलं, "लगेगा?"

तिची आई "नाही नाही, काही लागत नाही" म्हणायला तोंड उघडते आहे तोच सोनीजींनी हाताने तिला गप्प केलं.

"लगेगा," ते म्हणाले. "चींटी काटे उतना. दो बार. बस."

मग त्यांनी पेनाने तिच्या पाळ्यांवर दोन ठिपके काढले आणि छोटा आरसा तिच्या हातात दिला. "देखो बिटिया, बराबर है? कि थोड़ा नीचे?" छोटीने आरशात पाहिलं, फार विचार केला आणि सांगितलं, थोडा खाली. सोनीजींनी ठिपका पुसला आणि पुन्हा काढला. माझी पक्की खात्री आहे की तो त्यांनी होता तिथेच काढला! पण तिचं समाधान झालं. तिला आईच्या मांडीवर ताठ बसवलं, आडवं केलं नाही. "तीन बोलूँगा तब." एक, दो, तीन. आणि तीनलाच. रडली ती, रडणार नाही कशी? पण बाहेर पडेपर्यंत थांबली होती आणि आरशासाठी हट्ट करत होती.

परतताना बाय एक शब्द बोलली नाही. गल्लीच्या तोंडाशी गजकवाल्याची गाडी असते, तिथे एरवी ती थांबतेच, तिथेही थांबली नाही. घराच्या जिन्यात मात्र उभी राहिली आणि म्हणाली,

"आई, तू दोन म्हणतानाच करतेस."

भाची जिन्यातच बसली. खरंच होतं ते. पोर तीनला आवळून धरेल म्हणून दोनलाच उरकून टाकायचं, ही युक्ती तिला कुणीतरी शिकवली होती. आपण सगळेच करतो. कडू औषध आहे हे न सांगता चमचा तोंडात घालतो. एखाद्या वेळेला ते खपून जातं. पण वर्षाला शंभरावर वेळा जी गोष्ट करायची आहे तिथे पोर एकच धडा शिकतं, की आईच्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा नाही. बायला दुखण्याचं भय होतंच, पण ते इंजेक्शनांचंही असणार, आणि ती तर ती मुकाट्याने घेत होती. आपल्या अंगावर काय, कुठे आणि केव्हा होणार हे आपल्याला कुणी खरं सांगत नाही, हे भय त्याहून मोठं होतं. धरून ठेवणारे चार हात आले की ते दुप्पट व्हायचं.

त्या रात्री आम्ही तिघं, म्हणजे भाची, जावई आणि मी, जेवणानंतर बराच वेळ बोलत बसलो. त्यांच्या डॉक्टरांनी यातलं बरंचसं आधी सांगितलंही होतं, पण दवाखान्यात ऐकलेलं घरी येईपर्यंत निम्मं गळून जातं. मुलाला आडवं दाबून धरू नये, मांडीवर बसवावं. 'दुखणार नाही' म्हणू नये. निवड द्यावी, पण खरी निवड. सेट बदलायचा की नाही हे तिला विचारायचं नाही, तो बदलायचाच. कुठे लावायचा, आकडे कुणी मोजायचे, कार्टून लावायचं की नाही, हे तिचं.

पुढच्या वेळी बायने स्वतः पेन मागितलं. पोटावर ठिपका काढला. आरशात बघितलं. मग आणखी एक गोष्ट कळली, जी सहा महिने कुणाच्या लक्षात आली नव्हती. तिला सगळ्यात जास्त नकोसं वाटत होतं ते सुईचं टोक नव्हे, तर आधी लावायचं थंडगार स्पिरिट! जानेवारीतल्या ग्वाल्हेरमध्ये, स्वेटर वर करून उघड्या पोटावर स्पिरिट. माझ्या अंगावर नुसत्या विचाराने काटा आला. आणि घाईघाईत ते वाळायच्या आतच सुई मारत असल्यामुळे जास्त झोंबायचं. आता खोली आधी गरम करून हीटर बंद करतात, कारण स्पिरिटजवळ हीटर नको, आणि ते पुरतं वाळेपर्यंत बाय फुंकर मारते. फुंकर मारता मारता श्वासही लांब होतो, हे वेगळंच.

दुसरा नकोसा भाग म्हणजे जुन्या सेटची चिकटपट्टी ओढून काढणं. 'एका झटक्यात' काढायची ही बापाची पद्धत. ते खातं आता सासूबाईंकडे गेलं. देवघरात कान झाकून बसणाऱ्या आजी बोटावर खोबरेल घेऊन पट्टीची कड हळूहळू सोडवतात, दहा मिनिटं लागली तरी चालतील. पन्नास वर्षं उंबऱ्यात रांगोळी घातलेली बोटं ती. त्यांना काम मिळालं आणि त्यांचं रडणं थांबलं. नवी पट्टी दुसऱ्या जागी लागणार असते, त्यामुळे तेलाची अडचण नाही.

जागा बधिर करणारं मलमही मिळतं, पण ते तासभर आधी लावून झाकून ठेवावं लागतं. सुरुवातीचे काही आठवडे ते वापरलं. शिवाय सेट रात्री बदलायचा नाही हा नियम झाला. पूर्वी बाय झोपेला आली की सोपं जाईल म्हणून रात्री करायचे. पण नळी आत वाकली असली तर ते झोपेत कळणार कसं? सकाळी, नाश्त्याच्या आधी बदलायचा आणि दोन तासांनी साखर बघायची, म्हणजे गडबड दिवसाउजेडी ध्यानात येते.

जागा बदलत राहायच्या तर त्या लक्षात ठेवायला हव्यात. त्यासाठी बायने जे केलं ते माझ्या मते सगळ्यात भारी. वहीत तिने स्वतःचं चित्र काढलं आणि अंगावरच्या जागांना लश्करातली नावं दिली. बेंबीच्या उजवीकडे बाडा, डावीकडे सराफा. उजवी मांडी नया बाजार, डावी मांडी स्टेशन. आणि पाठीमागे, जिथे बसतो तिथे, किल्ला. "किल्ल्यावर चढायला त्रास होतो, पण तिथून दिसत नाही ना, म्हणून बरं," असं तिचं म्हणणं. आज कुठे जायचं, असं विचारलं की वही उघडून, परवा कुठे गेलो होतो ते बघून ती सांगते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की जादू झाली. तसं काही नाही. मी गोव्याला परतल्यावर महिन्याभरात भाचीचा फोन आला. तीन म्हणजे तीन, सगळं सोनीजींच्या पद्धतीने झालं होतं, बाय रडलीही नव्हती. आणि दोन तासांनी साखर चढलेली. नळी आत वाकली होती. पुन्हा नवा सेट, पुन्हा सुई. बाय संतापली. "तू एकदाच म्हणाली होतीस!"

इथे सोनीजींची विद्या संपते. 'दो बार, बस' हे सोनाराला म्हणता येतं. पंपाच्या आईला 'बस' हा शब्दच नाही. भाचीने तिला सांगितलं, की हो, मी एकदाच म्हणाले होते आणि ते खोटं ठरलं, आता मी तसं कधी म्हणणार नाही. मलाही राग आला आहे. दोघीही आधी पाच मिनिटं रागावू या. मग दोघींनी मिळून उशीला बुक्के मारले म्हणे. त्यानंतर सेट बसवला.

आणखी एक सांगायला हवं. हा पंप लाखांच्या घरात जातो आणि दर महिन्याला लागणाऱ्या नळ्यांचा खर्च वेगळा. जावयांची नोकरी बरी म्हणून निभावतं. आपल्या देशातली बहुतेक मुलं आजही सिरिंज आणि पेनावरच आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना इन्सुलिनच परवडत नाही. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट काढला तो अशाच गरीब मुलांना इन्सुलिन मिळावं म्हणून, आणि पूर्वीच्या औरंगाबादेत डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' उभी राहिली तीही या मुलांसाठी. ज्या घरात शीतकपाट नाही तिथे इन्सुलिन माठात ठेवतात. उन्हाळ्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि वीज गेली की आमच्या सासूबाईही ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ पुढे ओढतात.

बायचं रडणं ऐकून मला राहून राहून टोरांटोचा तो मुलगा आठवायचा. लिओनार्ड थॉम्पसन, वय १४, वजन जेमतेम २९ किलो. तोवर या आजारावर उपाय म्हणजे उपासमार. ११ जानेवारी १९२२ला त्याला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. औषध अशुद्ध होतं, टोचल्या जागी गळू झालं, साखर म्हणावी तशी उतरली नाही, म्हणून थांबवलं. बारा दिवसांनी, २३ जानेवारीला, शुद्ध केलेला अर्क घेऊन पुन्हा सुई. गळू ताजं असताना त्या पोराने दुसऱ्यांदा हात पुढे केला, म्हणून तर पुढची सगळी मुलं जगली. तो स्वतः आणखी तेरा वर्षं जगला. त्याला कुणी खरं सांगितलं होतं की 'काही होत नाही' म्हणाले होते, कोण जाणे.

शाळेचीही कथा आहे. एका बाईंनी पंप हा मोबाइल समजून काढून घ्यायचा प्रयत्न केला, आणि कुठलं गॅदरिंग असलं की बायला बाजूला बसवायचं. सीबीएसईने २०१७ साली टाइप वनच्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेला खाऊ आणि साखरेच्या गोळ्या जवळ ठेवायची परवानगी दिली. पण पहिलीतल्या पोरीच्या बाईंपर्यंत ही समज झिरपायला वेळ लागतो. भाचीने वर्गात जाऊन एका बाहुलीला जुना सेट लावून दाखवला. त्यानंतर मधल्या सुट्टीत पोरं बायच्या पंपाचं बटण बघायला रांग लावतात, हा नवा ताप.

आणि गजक? तो खाते ती. मुरैन्याचा तिळगुळाचा गजक सोडून ग्वाल्हेरची संक्रांत कशी होईल? वजनकाट्यावर ठेवून, त्यात साखर किती याचा हिशेब करून, तेवढं इन्सुलिन पंपातून आधी सोडून, मग खायचा. सोन्यासारखा तोलून. मी मात्र, गोव्याच्या त्या २६.४ टक्क्यांतला एक असल्यामुळे, नुसता वास घेतला.

२०२५च्या मे महिन्यात मंडळी गोव्याला आली. बायची वही बरोबर होतीच. इथला घाम म्हणजे पंपाच्या पट्टीचा शत्रू, दुसऱ्याच दिवशी कड सुटायला लागली. समुद्रात जायचं तर पंप काढून ठेवायचा, तासाभराच्या आत पुन्हा जोडायचा, वाळूत पडू द्यायचा नाही. बायने वहीत नवं पान उघडलं आणि नावं बदलली. बाड्याच्या जागी म्हापसा आलं, सराफ्याच्या जागी मिरामार. किल्ला मात्र किल्लाच राहिला, कारण आग्वादही किल्लाच ना, असं तिने मला समजावलं.

एका सकाळी ओसरीवर बसून तिने स्वतःच बटण दाबलं. भाचीचा हात तिच्या हाताखाली होता. आकडे मी मोजले. तीनला 'खट्' झालं. मग पेन घेऊन तिने वहीत तारखेपुढे लिहिलं: मिरामार. थोडं लागलं.